अण्णा, हे कुठे ठेवू?

आमच्या ऑफिसात कुणीही काहीही नवीन केलं, आणलं किंवा मिळवलं, की प्रल्हादअण्णा एकच प्रश्न विचारतात. "कुठे ठेवलंस?"

सौमित्रनं नवी गाडी घेतली आणि पेढे वाटले. बाकीच्यांनी रंग विचारला, हप्ता विचारला, ॲव्हरेज विचारलं. अण्णांनी पेढा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "छान. कुठे ठेवतोस?" हुबळीच्या मंजुनाथला मुलगी झाली. सगळे वजन विचारतायत, नाव विचारतायत. अण्णांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि विचारलं, "कुठे ठेवलंय?" मंजुनाथ गोंधळून म्हणाला, "सासूबाईंकडे." अण्णांनी जरा विचार करून "सरी, सरी" म्हणत मान डोलावली. बाळाची जागा त्यांना पसंत पडली होती.

अण्णा आमच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतात. कंपनी बेंगळुरूला, एचएसआर लेआउटमध्ये, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही वीसेक माणसं. कारखान्यांतल्या मापं घेणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. अण्णा एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे लागले, कारण घरी बसणं त्यांना जमत नाही. खरं तर कुठेच बसणं त्यांना जमत नाही. त्यांच्या टेबलाला खुर्ची आहे, पण तिच्यावर डबा, छत्री आणि स्वेटर बसतात. अण्णा उभ्यानं टाइप करतात. कोड बांधून व्हायला, म्हणजे त्याचा चालता प्रोग्रॅम तयार व्हायला, वेळ लागणार असेल तर तेवढा वेळ ते ऑफिसात फेऱ्या मारतात, आणि त्यांचं मोजमापही तेच आहे. "हे छोटं काम. चार फेऱ्या." एकदा एक मोठं काम एकसष्ट फेऱ्या चाललं. त्या दिवशी खालच्या दवाखान्यातून माणूस वर विचारायला आला, की वर कुणाला बरं नाही का.

चार वाजले की मात्र अण्णा गायब. मीटिंग चालू असो, सर्व्हर आडवा असो, साहेब स्वतः समोर उभे असोत. छत्री उचलतात आणि जातात. बस, मग मेट्रो, मग मल्लेश्वरमात घरापर्यंत झपाझप चालत. साडेसहाच्या आत घरी पोचायचं असतं. का, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी एक मोठी बहीण आहे आणि दोघांनीही लग्न केलेलं नाही, एवढीच माहिती होती.

त्यांचं घराणं बेंगळुरूचंच. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पूर्वज घोड्यावर बसून इकडे आला आणि परत जायचं विसरला, असं तेच सांगतात. त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मला आधी वाटायचं, हा माणूस आपली थट्टा करतोय. मी वैदेही, नागपूरची. अण्णांनी पहिल्या दिवसापासून मला नाव विचारलंच नाही. गाव विचारलं, आणि तेव्हापासून मी "ए नागपूर". सौमित्र "पुणे". मंजुनाथ "हुबळी". माणूस कोण यापेक्षा तो कुठला, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमची पहिली चकमक मी लागल्यापासून तिसऱ्याच दिवशी झाली. आमची मशीनं विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सवरचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा तयार मिळतं. एक आज्ञा दिली की येतं आणि आपापल्या फोल्डरात जाऊन बसतं. पण कधी कधी हवं तसं तयार मिळत नाही. मग त्याचा मूळ कोड आणायचा, आपल्याच मशीनवर बांधून काढायचा, आणि ते कुठल्या फोल्डरात ठेवायचं हेही आपणच सांगायचं. जगातली बहुतेक माणसं इथे एंटर दाबतात आणि जेवायला जातात. मी तर शहाणपणा करून ते थेट 'यूएसआर' नावाच्या फोल्डरात टाकलं होतं, कारण बाकी सगळं तिथेच दिसत होतं.

जेवून आले तर अण्णा माझ्या स्क्रीनसमोर उभे.

"ए नागपूर. हे कुठे ठेवलंस?"

"यूएसआरमध्ये."

"अय्यो!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की सौमित्रच्या हातातला चहा हिंदकळला. "यूएसआर कोणाचं? घरमालकाचं. ते त्याचं कपाट. तू भाडेकरू. भाडेकरूनं मालकाच्या कपाटात आपली तूरडाळ ठेवायची काय? उद्या तो कपाट साफ करेल, जुनं काढेल, नवं भरेल. तुझी डाळ रस्त्यावर! तुझ्यासाठी वेगळी फळी ठोकून दिलीय की. यूएसआर-लोकल! तिथं मालक हात लावत नाही. तिथं ठेव. अष्टे!"

'अष्टे' म्हणजे कानडीत 'एवढंच'. अण्णांच्या तोंडी त्याचा अर्थ 'आता वाद नको' असा होतो, आणि त्यानंतर वाद किमान अर्धा तास चालतो.

"अण्णा, चालून राहिलं ना पण," मी म्हटलं. "मग तुम्ही काहून तापून राहिले एवढे?"

"चालतंय म्हणूनच तापलो. बंद पडलं असतं तर तू आपणच काढलं असतंस."

मी निमूटपणे सगळं काढलं आणि यूएसआर-लोकलमध्ये ठेवलं. अण्णा सहा फेऱ्या मारून आले, पाहिलं आणि खिशातून एक लवंग काढून माझ्या टेबलावर ठेवली. हे त्यांचं बक्षीस. माझ्या ड्रॉवरमध्ये आता मसालेभात होईल इतक्या लवंगा जमल्या आहेत.

सौमित्रला मात्र एकही लवंग मिळालेली नाही, कारण सौमित्र 'ऑप्ट'वाला. ऑप्ट हाही एक फोल्डर. तिथे ठेवलेलं सॉफ्टवेअर आपला सगळा पसारा एकाच पेटीत घेऊन राहतं, कुणात मिसळत नाही. नको झालं की पेटी उचलून फेकायची. सौमित्रचं म्हणणं, हेच सुटसुटीत. अण्णांचं म्हणणं, सुटसुटीत आहे पण माणूसघाणं आहे. हा वाद तीन आठवडे चालला. "असं कुठे लिहिलंय?" हा सौमित्रचा प्रश्न आणि "लिहावं लागतं काय?" हे अण्णांचं उत्तर, इतकंच आम्हाला आलटून पालटून ऐकू यायचं. शेवटी एका शुक्रवारी अण्णांनी निवाडा दिला. तो सॉफ्टवेअरबद्दल कमी आणि आमच्याबद्दल जास्त होता.

"पुणे म्हणजे ऑप्ट. बघा याला. स्वतःचा कप, स्वतःची उशी, स्वतःचा चहा, डब्यात स्वतःचं लोणचं. उद्या नोकरी सोडून गेला तर कळणार पण नाही, होता की नव्हता. आणि नागपूर म्हणजे यूएसआर-लोकल. हिचं थोडं इथं, थोडं तिथं, सगळ्यांच्या डब्यात हात. ही गेली तर चार ठिकाणी भोकं पडतील."

हे कौतुक होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी मी घरी जाताना खूश होते, हे कबूल करते.

आता राहिली तिसरी जागा, तिच्यावर त्यांचा खरा राग. प्रत्येकाचा मशीनवर स्वतःचा एक 'होम' असतो आणि त्यात नावाआधी टिंब असलेले फोल्डर लपलेले असतात. साध्या नजरेला ते दिसत नाहीत. त्यातल्या 'डॉट-लोकल'मध्ये कुणालाही न विचारता, परवानगी न घेता, आपल्यापुरतं सॉफ्टवेअर ठेवता येतं. अण्णांच्या मते ती चोरांची जागा.

हा राग कुठून आला ते मला बेंगळुरूजवळच्या आनेकलला कळलं. तिथल्या एका छोट्या कारखान्यात आमच्या सॉफ्टवेअरवर चालणारं यंत्र आहे. एका सकाळी फोन आला, यंत्र मुकं झालंय, माल पडून आहे, पन्नास कामगार हात बांधून बसलेत. अण्णा मला घेऊन बसनं निघाले. बसमध्ये जागा असून ते आनेकलपर्यंत उभे राहिले, आणि ते उभे म्हणून मलाही बसवेना. तिथे जाऊन पाहिलं, तर कारखान्याच्या आधीच्या इंजिनिअरनं आमचा प्रोग्रॅम स्वतःच्या होममध्ये, टिंबवाल्या फोल्डरात ठेवला होता. तो नोकरी सोडून गेला. शिस्तीप्रमाणे त्याचं खातं पुसलं. खात्याबरोबर होम पुसलं आणि होमबरोबर आमचा प्रोग्रॅम.

अण्णांनी सगळं परत बांधलं आणि योग्य जागी ठेवलं. मग कारखान्याच्या मालकाला, मॅनेजरला आणि चहा घेऊन आलेल्या बाईंनासुद्धा कानडीत अर्धा तास सुनावलं. मला येतं तेवढं कानडी पुरलं. माणूस आज आहे, उद्या नाही. ज्या वस्तूवर दुसऱ्याचं पोट आहे ती आपल्या उशीखाली ठेवायची नाही. उद्या परका माणूस आला तरी त्यानं पहिल्या फटक्यात जिथे शोधलं, तिथे ती सापडली पाहिजे. एक वस्तू, एक जागा. अष्टे.

परतीच्या बसमध्येही ते उभेच होते, पण त्या दिवसापासून मी त्यांची चेली झाले. आई फोनवर काही हरवलं म्हणाली की मीच विचारायला लागले, "पण तू ठेवलं कुठे होतंस?"

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढे मी जो घोळ घातला तो अज्ञानातून नाही घातला. भक्तीतून घातला.

गेल्या पावसाळ्यात अण्णा मेट्रोच्या पायऱ्यांवर घसरले. घोटा मुरगळला आणि डॉक्टरनं दोन आठवडे पाय खाली टेकायचा नाही असं बजावलं. अण्णांना बसवून ठेवायचं म्हणजे काय शिक्षा असेल, या कल्पनेनं आम्ही सगळेच हळहळलो. पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "ए नागपूर. रविवारी घरी ये की. मशीनवर जागा उरली नाही, स्वल्प साफसफाई करून दे. मला खुर्चीवरून उठू देत नाहीत. जेवायला पण ये."

घर मल्लेश्वरमच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दार अक्कांनी उघडलं. अण्णांची ही मोठी बहीण पंचाहत्तरीच्या घरातली. ठेंगणी, ताठ, केसांत अबोलीचा छोटा गजरा. दोन्ही हातांची बोटं संधिवातानं पार वाकडी झालेली.

"नागपूर म्हणजे तूच काय गं?" त्यांनी विचारलं. "आणि खरं नाव?"

मी सांगितलं. दोन वर्षांत मला नाव विचारणारं त्या घराण्यातलं हे पहिलं माणूस.

अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते. पाय स्टुलावर, आणि पाय हलत नाही म्हणून बाकी सगळं हलत होतं. बोटं वाजत होती, मान फिरत होती, चष्मा चढत-उतरत होता. जेवणात बिसीबेळे भात आणि थालीपीठ एकाच पानात होतं. अक्कांनी आग्रह करून वाढलं आणि जेवताना स्वतःची हकिगत सांगितली. चाळीस वर्षं त्यांनी घरी गाणं शिकवलं. त्या शिकवण्यांवरच धाकट्या भावाला इंजिनिअर केला. बोटं गेली तेव्हा तंबोरा लावता येईना. दुकानातला विजेचा तंबोरा त्यांना सोसेना. "डबा तो, डब्यासारखा वाजतो" असं त्यांचं मत. मग अण्णांनी त्यांच्यासाठी खास एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'श्रुती'. रोज साडेसहाला दिवा लावला की अण्णा तो चालू करतात, त्यातून तंबोरा झंकारतो आणि अक्का अर्धा तास गातात. ऑफिसातून चारला सुटण्याचं कोडं असं बिसीबेळे भाताबरोबर उलगडलं.

"शिकवणं का बंद केलंत?" मी विचारलं.

"दम पुरेना. पण माझी पट्टी सुटली नाही हं," अक्का म्हणाल्या. "तरुणपणी पेटीची काळी चार, आज पण काळी चार. आमच्या गुरूंनी सांगितलं होतं, ज्या दिवशी आपली श्रुती धरवत नाही त्या दिवशी तोंड मिटायचं. खाली उतरून गायचं नाही. माझं पण तेच. ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी संपलं."

अण्णा त्या वेळी ताकात मीठ ढवळत होते. बराच वेळ ढवळत होते. माझं लक्ष पापडाकडे होतं.

जेवून अक्का आडव्या झाल्या आणि मी आतल्या खोलीत मशीनपुढे बसले. नको असलेल्या फायली भराभर काढत गेले. आणि मग मला ते दिसलं. 'श्रुती' एकदा यूएसआर-लोकलमध्ये होतं, अगदी नियमाप्रमाणे, बऱ्याच वर्षांपूर्वी ठेवलेलं. आणि तेच 'श्रुती' पुन्हा अण्णांच्या होममध्ये, डॉट-लोकलमध्ये! शेजारी त्याच्या कोडाचे फोल्डर. श्रुती-एक, श्रुती-दोन, असे थेट श्रुती-चौदापर्यंत.

मला हसू आवरेना. एक वस्तू, एक जागा म्हणणाऱ्या माणसाच्या घरात एकच वस्तू दोन जागी, आणि त्यातली एक चोरांच्या जागी! बिचारे कधीतरी प्रयोग करताना विसरले असणार. पाहिलं तर लाजेनं मरतील. त्यांची अब्रू आपणच राखू, असं मी ठरवलं. डॉट-लोकलमधलं 'श्रुती' आणि चौदाच्या चौदा फोल्डर मी एका आज्ञेत पुसून टाकले. लिनक्सवर अशा पुसलेल्याला कचरापेटी नसते. गेलं ते गेलं.

पाच वाजता मी बाहेर आले आणि लवंगेच्या आशेनं म्हटलं, "अण्णा, झालं साफ. आणि एक गंमत सांगू? श्रुतीच्या दोन प्रती होत्या. टिंबवाली मी उडवली. आता एक वस्तू, एक जागा!"

अण्णांची सगळी हालचाल थांबली. दोन वर्षांत मी त्यांना असं स्थिर पाहिलं नव्हतं आणि परत पाहायची इच्छाही नाही.

"कोड?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो पण."

"सगळा?"

"अण्णा, काय झालं? यूएसआर-लोकलमधलं आहे ना चांगलं. तेच चालेल आता."

"तेच तर," ते म्हणाले. आतल्या दाराकडे बघून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कुजबुजत सांगितलं. यूएसआर-लोकलमधलं 'श्रुती' म्हणजे अक्कांची खरी पट्टी, काळी चार. पण आवाज वयाबरोबर खाली येतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वरच्या सुराला अक्कांचा आवाज चिरकला. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत, नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तंबोरा केसभर खाली उतरवला आणि काही सांगितलं नाही. अक्का गायल्या आणि पोटभर जेवल्या. तेव्हापासून वर्षातून एक-दोनदा त्या वरच्या सुराला गुडघ्यावर हात दाबायला लागल्या, की अण्णा आकडा आणखी थोडा उतरवतात. आकडा बाहेर सेटिंगमध्ये ठेवला तर पडद्यावर दिसेल, म्हणून कोडाच्या पोटात लिहायचा आणि दर वेळी सगळं नव्यानं बांधायचं. असं चौदा वेळा. डॉट-लोकलमधलं आधी सापडतं म्हणून मशीन तेच वाजवतं.

"पण मग यूएसआर-लोकलमधलं जुनं काहून ठेवलं?" मी विचारलं.

"ते खरं आहे. खरं ते नियमाच्या जागी. हे खोटं. खोटं तिथं कसं ठेवू?"

मला इतकी शरम वाटली की त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. साडेसहाला काळी चार वाजणार होती. अक्कांचा आवाज तिथे पोचणार नव्हता. आणि त्यानंतर त्या पुन्हा गाणार नव्हत्या.

"आकडा कितीचा होता शेवटचा?"

"लिहून नाही ठेवला. लिहिला असता तर तिनं वाचला असता."

"आठवत असेल ना!"

"आकडा ध्यानात ठेवून कधी लावलाय मी? तिचा हात बघून लावायचो. मला सुरातलं काय कळतंय?"

पुढचा दीड तास मी जन्मात विसरणार नाही. नशिबानं श्रुतीचा पहिला, मूळ कोड यूएसआर-लोकलच्याच आत नियमाप्रमाणे नीट ठेवलेला होता. तो मी नव्या फोल्डरात घेतला. बांधायला लागले तर मध्येच अडला. एक लायब्ररी हवी, ती जुनी झालेली. ती आणली तर दुसरी रुसली. अण्णा एका पायावर, भिंत धरत, माझ्या मागे फेऱ्या मारत होते. डॉक्टरनं पाहिलं असतं तर दुसरा पायही बांधला असता. बाहेर अक्का उठल्याची चाहूल लागली. नळ वाजला. देव्हाऱ्याजवळ काडेपेटीचा आवाज आला.

"प्रल्हादा, लावतोस काय रे?"

"स्वल्प थांब अक्का! मशीन गरम झालंय!" अण्णा ओरडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आकडा?"

तेव्हा मला सुचलं. माझ्या फोनवर सूर मोजायचं एक ॲप होतं. एकदा गिटार शिकायचं ठरवलं होतं, तेव्हाचं. "अण्णा, त्यांनाच विचारू. तंबोऱ्याशिवाय गायला सांगा. आवाज जिथे आपणहून बसेल, तोच आकडा."

अण्णा लंगडत बाहेर गेले. "अक्का, माईक तपासायचाय. तंबोरा नंतर. तू नुसता सा लाव. तुला सोपं पडेल तिथं, अष्टे."

अक्कांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारात फोन धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे. काही विचारलं नाही. डोळे मिटले आणि सा लावला. आवाज म्हातारा होता, पण सरळ होता, कुठे हलत नव्हता. फोनवरचा काटा खाली खाली येत थांबला. मी आकडा अण्णांना दाखवला. त्यांना सुरातलं कळत नसलं तरी आकड्यातलं कळतं. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला.

"फार खाली आलीय गं," ते म्हणाले. "मी मागे पडलो. ती इतके दिवस ओढत होती."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'नागपूर' न म्हणता 'गं' म्हटलं होतं, हे मला नंतर आठवलं. आकडा त्यांनी स्वतः घातला. कोड बांधून झाला आणि पडद्यावर प्रश्न आला, ठेवायचं कुठे. मी काही न विचारता डॉट-लोकल लिहिलं आणि एंटर दाबलं.

तंबोरा झंकारला. अक्का गायल्या. मला त्या गाण्यातलं काही कळत नाही, पण पाऊण तास त्यांचे हात मांडीवर सैल पडलेले होते एवढं मी पाहिलं. अण्णा दाराला टेकून फक्त तेच बघत होते.

गाणं झाल्यावर अण्णा हट्टानं लंगडत स्वयंपाकघरात गेले, मला कॉफी पाजल्याशिवाय सोडणार नव्हते. मी अक्कांच्या पाया पडले. त्यांनी वाकड्या बोटांनी माझं मनगट धरलं आणि जवळ ओढलं.

"वैदेही, आज तू पुसलंस काय गं ते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"घाबरू नको. तुझं 'उडवली' मला आत ऐकू आलं. चाळीस वर्षं पोरींना श्रुती लावून दिली मी. माझी स्वतःची कळणार नाही काय? पहिल्या दिवसापासून कळतंय. तो उतरवतो, मग दोन दिवस माझ्याकडे बघत नाही, आणि पानात तूप जास्त वाढतो."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही अक्का? तुम्ही तर म्हटलं होतं, श्रुती सुटली की..."

"तेव्हाच थांबणार होते. मनानं थांबले पण होते. त्या तिसऱ्या दिवशी त्याला वाईट वाटू नये म्हणून तेवढी एकदा बसले." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. "त्याला ना बायको, ना पोरं, ना मित्र. साडेसहाला अक्काला तंबोरा लावायचा, म्हणून गावभर धावत घरी येतो. मी गायची थांबले तर तो कशासाठी धावेल? कुठे जाईल तो, सांग?"

अण्णा तिन्ही पेले ताटलीत घेऊन, एका पायावर उड्या मारत आले. अर्धी कॉफी ताटलीत होती. अक्कांनी पेला घेतला, घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "प्रल्हादा, आज छान बसलं रे. अगदी माझी जुनी काळी चार."

मी निघाले तेव्हा अण्णा नको नको म्हणत असताना कठडा धरून जिन्यापर्यंत आले. आत अक्कांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं वाकले.

"तिला कळलं तर नाही ना काही?"

"नाही अण्णा," मी म्हटलं. "काहीच नाही कळलं त्यांना."